श्रवणसंशोधनाची वाट केवळ ‘नीट’मधूनच जाते का?

(औसा तालुक्यातील एका शिक्षक पालकांनी विचारले आहे : माझी मुलगी लातूरला अकरावीत शिकते आणि ‘नीट’ची तयारी करते. तिचा धाकटा भाऊ जन्मतः बहिरा असून तिसऱ्या वर्षी त्याचे कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी अंतर्कर्णात विद्युत उपकरण बसवण्याची शस्त्रक्रिया) झाले आहे. बहिरेपणा मुळापासून बरा करण्यावर संशोधन करायचे, असे मुलगी म्हणते. त्यासाठी तिने डॉक्टरच व्हायला हवे का?)

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र ते पटण्यासाठी या क्षेत्रात नेमके काय चालले आहे, हे आधी पाहावे लागेल.

आपल्या अंतर्कर्णातील शंखाकृती भागात, म्हणजे कॉक्लियात, सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात आणि ध्वनीच्या कंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर करण्याचे काम त्या करतात. माणसात या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत; पक्ष्यांमध्ये मात्र होतात, हे १९८०च्या दशकात लक्षात आले आणि तेव्हापासून सस्तन प्राण्यांत तसे का घडत नाही, या प्रश्नावर जगभरातील प्रयोगशाळा काम करीत आहेत. केसपेशींच्या शेजारी असणाऱ्या आधारपेशींपासून नव्या केसपेशी घडवू पाहणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या औषधाची चाचणी २०२३ मध्ये अपयशी ठरली. याउलट २०२४ च्या जानेवारीत शांघायच्या फुदान विद्यापीठातील डॉक्टरांनी ओटोफर्लिन या जनुकातील दोषामुळे बहिऱ्या झालेल्या सहा मुलांवरील जनुकोपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्यांपैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले. अशा उपचारात निर्दोष जनुक एका निरुपद्रवी विषाणूतून पेशींपर्यंत पोहोचवतात; पण हे जनुक इतके लांब आहे की ते त्या विषाणूत मावत नाही. म्हणून त्याचे दोन भाग करून ते दोन विषाणूंमधून कानात सोडावे लागले. ही अडचण सोडवणाऱ्यांमध्ये विषाणूशास्त्र, जनुकशास्त्र आणि प्रथिनांचा अभ्यास करणारे कितीतरी जण होते आणि त्यांनी कधी रुग्ण तपासलेला असेलच असे नाही. शेवटी ते इंजेक्शन मुलाच्या कानात देणारा मात्र शल्यचिकित्सकच होता.

म्हणूनच पदवीचे नाव बाजूला ठेवून, रोजचे कोणते काम आपल्याला आवडेल, हे मुलीने आधी ठरवावे. रुग्णांमध्ये राहून शस्त्रक्रिया करायची असेल, तर एमबीबीएस आणि पुढे कान-नाक-घसा विषयात एमएससारखे पदव्युत्तर शिक्षण हाच मार्ग आहे. पेशी आणि जनुके यांवर काम करायचे असेल, तर आयसरचा (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचा) पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम किंवा बीएस्सी, एमएस्सी आणि त्यानंतर पीएचडी हा मार्ग अधिक सरळ आहे. पुण्याची आयसर आपल्याला जवळचीही आहे. तिसरा मार्ग वाचा व श्रवण विज्ञानाच्या पदवीचा. १९६५ मध्ये स्थापन झालेली म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि १९८३ मध्ये स्थापन झालेली मुंबईतील अली यावर जंग संस्था हे शिक्षण देतात. हा मार्ग आपल्याकडे फारसा कोणी सुचवत नाही, याचे मला वाईट वाटते, कारण इम्प्लांट झालेल्या मुलाला भाषा येते ती त्यानंतरच्या दीर्घ वाचा-उपचारांमुळे, आणि असे उपचार देणारे प्रशिक्षित लोक मराठवाड्याच्या तालुक्यांच्या ठिकाणी सहजी सापडत नाहीत, हे आपण स्वतः अनुभवले असेलच.

एक गोष्ट मुलीशी मोकळेपणाने बोलावी, अशी विनंती आहे. पीएचडी पूर्ण करायला तिला दहा-बारा वर्षे सहज लागतील. तिचे संशोधन भावाला वेळेत उपयोगी पडेल, असे वचन तिने स्वतःला देऊ नये. ओटोफर्लिनवरचा उपचार केवळ त्या एका जनुकाच्या दोषावर चालतो. भावासाठी इम्प्लांट आणि वाचा-उपचार हेच आजचे खरे उपचार आहेत आणि संशोधनाच्या आशेवर त्यांत एकही आठवडा खंड पडू देऊ नये.

आपला विवाह मामाच्या मुलीशी झाल्याचे आपण संकोचाने लिहिले आहे. यात कोणाचाही दोष मानू नये. दोन्हीकडून एकाच सदोष जनुकाची प्रत आल्यास मूल बहिरे जन्मू शकते आणि नात्यातील विवाहात ती शक्यता वाढते, एवढेच. मुलाची जनुकीय तपासणी झालेली नसेल, तर त्याच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारावे. अहवालात कारण सापडले, तर मुलीच्या स्वतःच्या भविष्यासाठीही जनुकीय समुपदेशकाचा सल्ला उपयोगी पडेल. आणि तिची जिज्ञासा खरी असेल, तर तो अहवाल तिला समजावून सांगण्याची विनंती डॉक्टरांना अवश्य करावी.

राहिला अकरावीचा प्रश्न. ‘नीट’ची तयारी सोडू नये. मात्र ‘नीट’साठी म्हणून गणित सोडले असेल, तर त्याचा फेरविचार करावा, कारण आयसरच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांच्या बरोबरीने गणिताचेही प्रश्न असतात. महाविद्यालयात विषय बदलणे आता शक्य नसेल, तर तिने अकरावीच्या गणिताचे पुस्तक घरी आणून आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी त्याचा अभ्यास करावा.