तीन गायिका, एक रेकॉर्ड: सुरुवात कुठून करावी

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. ‘साँग्ज वी टॉट युअर मदर’ या रेकॉर्डवर तीन गायिकांची नावं आहेत, पण प्रत्येकीची गाणी वेगळी, मग हा ‘मिळून केलेला’ अल्बम कसा? आणि बायकांनी एकत्र येऊन केलेले ब्लूजचे (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगाण्यांतून आलेल्या संगीताचे) अल्बम ऐकायचे तर सुरुवात कुठून करावी? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: याच रेकॉर्डपासून करा. पहिल्याचं उत्तर जरा लांबेल.

ऑगस्ट 1961. न्यू जर्सीत एंगलवुड क्लिफ्सला रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ. जॅझच्या कितीतरी गाजलेल्या रेकॉर्ड इथेच झाल्या. प्रेस्टीज या कंपनीच्या ब्लूजव्हिल या लेबलसाठी ध्वनिमुद्रण होतं आणि निर्माता होता ख्रिस आल्बर्टसन, ज्यानं पुढे ब्लूजची विख्यात गायिका बेसी स्मिथचं चरित्र लिहिलं. गायिका तिघी: अल्बर्टा हंटर आणि लुसिल हेगामिन दोघीही 66 वर्षांच्या, व्हिक्टोरिया स्पायव्ही 54 ची. प्रत्येकीची चार, अशी बारा गाणी. साथीला बस्टर बेलीची क्लॅरिनेट, जे. सी. हिगिनबॉथमचा ट्रंबोन, ड्रम्सवर झटी सिंगल्टन अशी मंडळी. झटी म्हणजे 1928 मध्ये जॅझचा थोर ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला माणूस. गाणाऱ्या आणि वाजवणारे एकाच जमान्यातले होते, आणि ते पहिल्या मिनिटात कानाला कळतं.

या बायका कोण होत्या हे ठाऊक नसेल तर रेकॉर्ड नुसती गोड वाटेल, म्हणून थोडं मागे जाऊ. गिटार घेऊन बसलेला एकटा पुरुष हे ब्लूजचं चित्र आपल्या डोक्यात पक्कं आहे. तबकडीवर मात्र ब्लूज आधी बायकांनी आणला. 1920 मध्ये मेमी स्मिथची ‘क्रेझी ब्लूज’ निघाली, धडाक्यात खपली, आणि कंपन्या कृष्णवर्णीय गायिकांच्या शोधात निघाल्या. त्याच वर्षी हेगामिननं पहिली तबकडी केली, पुढच्या वर्षी ‘आर्कान्सा ब्लूज’नं तिचं नाव झालं. हंटरनं पियानोवादक लव्ही ऑस्टिनबरोबर ‘डाउन हार्टेड ब्लूज’ रचलं आणि 1922 मध्ये स्वतः गायलं. 1923 मध्ये बेसी स्मिथची पहिली तबकडी निघाली ती याच गाण्याची, आणि लाखांनी खपली. स्पायव्हीचं ‘ब्लॅक स्नेक ब्लूज’ 1926 चं, तेव्हा ती वीस वर्षांचीही नव्हती. तेव्हा ‘तुमच्या आईला आम्ही शिकवलेली गाणी’ हे रेकॉर्डचं नाव शब्दशः घ्या.

मग 1929 नंतरची मंदी आली आणि तबकड्यांचा धंदा बसला. हेगामिन परिचारिका झाली. हंटरनं लंडन, पॅरिस गाजवलं, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी गायली. पुढे आई गेली आणि तिनं गाणं सोडलं. वय बारा वर्षांनी कमी सांगून परिचर्येचं शिक्षण घेतलं आणि न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात नोकरी धरली. 1961 मध्ये ती स्टुडिओत आली तेव्हाही ती नोकरी चालूच होती.

माझी आत्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तीस वर्षं सिस्टर होती. तिला इंग्रजी गाण्यांत काडीचा रस नाही. एकदा घरी हंटरचं याच रेकॉर्डवरचं ‘आय गॉट अ माइंड टू रॅम्बल’ लागलं होतं. काही सांगायच्या आत आत्यानं शेंगा सोलता सोलता विचारलं, “ही बाई ड्यूटीवरनं आलीय का गं?” त्या आवाजातला थकवा तिनं बरोबर ओळखला. थकवा आहे, पण कुरकुर नाही. दिवसभर दुसऱ्यांचं करून घरी आल्यावर स्वतःशी बोलावं तसा तो आवाज आहे.

आणखी एक गोष्ट मुद्दाम ऐका. 1921–22 च्या तबकड्या मायक्रोफोनवर झालेल्या नाहीत. भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, जोर कमी पडला तर आवाज उमटायचाच नाही. त्यामुळे हेगामिनचं जुनं ‘आर्कान्सा ब्लूज’ डब्यातून आल्यासारखं लागतं. तेच गाणं या रेकॉर्डवर चाळीस वर्षांनी पुन्हा आहे. इथे ओळ संपताना ती आवाज खाली कसा सोडते, श्वास कुठे घेते, एखादा शब्द हसत कसा टाकते, सगळं ऐकू येतं. दोन्ही पाठोपाठ लावा. तिच्या तरुणपणी कर्ण्यानं जे गाळून टाकलं होतं ते म्हातारपणी मिळालं, याचा मला दर वेळी आनंद होतो आणि वाईटही वाटतं.

आता ‘मिळून’ या शब्दाकडे. बारा मापांचा ब्लूज म्हणजे बारा मापांचं एक आवर्तन समजा; माप म्हणजे ‘बार’, चार मात्रांचा एक गट. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसरी ओळ म्हणजे त्यांचं उत्तर. प्रत्येक ओळ तिच्या चार मापांच्या साधारण निम्म्यातच आटपते, उरलेली जागा मोकळी असते. ती भरण्यासाठीच असते. या रेकॉर्डवर तिथे क्लॅरिनेट किंवा ट्रंबोन बोलतो. म्हणजे एकटीनं गायलेला ब्लूजही दोघांचा असतो. तिघींचे आवाज एकमेकांत मिसळत नाहीत हे खरं, पण तिघींनी एकाच फळीवर आपापला माल मांडलाय, त्यात स्वतः रचलेली गाणीही आहेत, आणि कुणी कुणाला झाकत नाही. याला मी मिळून केलेलंच काम म्हणेन. नुसतं संकलन म्हणजे जुन्या तबकड्या एकत्र करून विकणं, ते हे नव्हे.

शिवाय हे या रेकॉर्डवर थांबलं नाही. स्पायव्हीनं त्याच सुमारास स्वतःचं लेबल काढलं. त्यावरच्या 1962 च्या ‘बास्केट ऑफ ब्लूज’मध्ये हेगामिन पुन्हा आहे. ह्यूस्टनची जुनी गायिका सिप्पी वॉलेस चर्चमध्ये रमली होती. तिला ब्लूजकडे परत ओढलं ते स्पायव्हीनंच, आणि 1966 मध्ये सिप्पी युरोपच्या दौऱ्यावर गेली. अमेरिकन गायिका आणि गिटारवादक बॉनी रेटनं 1971 च्या आपल्या पहिल्याच अल्बममध्ये सिप्पीची गाणी गायली, आणि 1982 च्या ‘सिप्पी’ या अल्बममध्ये बॉनी स्वतः सिप्पीच्या जोडीला होती. एकीनं दुसरीचा हात धरून आणलं, असं हे आहे.

आवाजात आवाज मिसळलेले हवे असतील तर दोन अल्बम घ्या. ‘ड्रीम्स कम ट्रू’, 1990, टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या अँटोन्स क्लबच्या लेबलचा: मार्शिया बॉल, लू ॲन बार्टन, अँजेला स्ट्रेली, निर्माता न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक डॉ. जॉन. दुसरा 1998 चा ‘सिंग इट!’, त्यात पुन्हा मार्शिया बॉल, सोबत न्यू ऑर्लिन्सची अर्मा थॉमस आणि ट्रेसी नेल्सन. इथे आळीपाळीनं एक पुढे गाते आणि बाकीच्या मागे धरतात. ओळीनंतरची जी मोकळी जागा वर सांगितली, तिथे वाद्याऐवजी मैत्रिणीचा आवाज येतो. काटेकोर पाहिलं तर दोन्ही अल्बम सोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या ब्लूजच्या जवळच्या शैलींकडे झुकतात. मला ते खटकत नाही, पण बारा मापंच हवी असतील तर आधी सांगितलेलं बरं. अर्मा थॉमसचा आवाज जिथे पुढे येतो तिथे मात्र हातातलं काम बाजूला ठेवा.

हंटरचं पुढे काय झालं, तेही सांगते. 1977 मध्ये रुग्णालयानं तिला निवृत्त केलं, कारण कागदोपत्री तिची सत्तरी झाली होती. खरं वय होतं 82. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘द कुकरी’त ती पुन्हा गायला उभी राहिली आणि 1984 मध्ये जाईपर्यंत गात राहिली. तिथलं गाणं ऐकाल तेव्हा 1961 ची तिची चार गाणी आधी ऐकलेली असू द्या, आणि त्यांतलं ‘चर्पिन द ब्लूज’ दोनदा.