सकाळी डिझेल पिकअप गाडी पेटत नाही?

आधी इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) उतरवू नकोस रे बाबा, तो खर्च शेवटचा. रात्रभर उभी गाडी सकाळी नुसती घरघरते, पण डिझेल चढवायचा हँडपंप दहा-बारा वेळा दाबल्यावर लगेच पेटते? मग डिझेल लाइन हवा खेचतेय. माझ्या गाडीत डिझेल फिल्टरपाशी नळीला केसाएवढी चीर होती. थेंब पडत नव्हता, नुसती ओलसर धूळ चिकटलेली. आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचं चालणं) वरखाली व्हायचं तेही त्यानेच. आमच्या गोव्यातल्या साखळी गावाकडच्या पावसात फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढत जा. स्टार्टर मारताना बॅटरी 9.6 व्होल्टखाली गेली तर तिच्याकडे बघ. पांढरा धूर येतो, गाडी पेटत नाही? हीटर प्लग बघ, पेटवताना इंजिन आतून तापवणारे. गोव्यात कसली थंडी म्हणशील, पण जुन्या इंजिनाला ते लागतातच.