भारतात रक्तातल्या वाढलेल्या साखरेमुळे दरवर्षी किती प्रौढ माणसं जातात? अटॅकने गेलेला शुगरचा पेशंट त्यात धरतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की शुगरने होणाऱ्या मृत्यूंचा आकडा जिथे बघावा तिथे वेगळा का दिसतो, आणि तुमचे काका, जे शुगर असताना 54व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, ते यात मोजले गेले असतील का. काकांपासूनच सुरुवात करतो, कारण आकड्यांचा सगळा घोळ तिथेच उलगडतो. तर कागदावरच्या मोजणीत बहुधा नाही, मोजले गेले नसतील.

मी अमळनेर-पारोळा भागात ग्रामसेवक होतो, आता निवृत्त आहे. गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद ग्रामसेवकाकडेच असते. मयत झाली की 21 दिवसांत खबर द्यायची असते, पण आपल्याकडे घरचे लोक बरेचदा गंधमुक्ती आटोपल्यावर, बँकेचं नाहीतर वारसाचं काम निघालं की येतात. समोर बसलेल्या मुलाला मी कारण विचारायचो. उत्तर ठरलेलं, "अटॅक." मग मी विचारायचो, शुगर होती का? "साखर व्हती ना भाऊसाहेब, पन नाना साखरमा नही ग्यात, अटॅकमा ग्यात."

तो पोरगा खोटं बोलत नसे. पण रजिस्टरात जायचा तो अटॅक, शुगरचा मागमूस राहत नसे. माझ्या काळातल्या नमुना 2 च्या फॉर्मवर मयताला विडी-सिगारेटची सवय होती का, किती वर्षं, तंबाखू, सुपारी-पानमसाला, दारू, हे सगळं विचारलेलं असे. शुगर होती का, बीपी होतं का, हा रकानाच नव्हता. आणि घरच्यांना जो मृत्यूचा दाखला मिळतो त्यावर कारण छापतच नाहीत. 1969 च्या कायद्याच्या कलम 17 मध्ये तशी मनाईच आहे. त्यामुळे माझ्या काळात आपल्या माणसाच्या नावापुढे काय लिहिलं गेलं हे कुटुंबाला सहसा कळत नसे, आणि चुकलं असेल तर कोणी दुरुस्त करायलाही येत नसे.

दवाखान्यात मृत्यू झाला तर डॉक्टर नमुना 4 भरतात. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात साखळी लिहायची: शेवटी काय झालं, ते कशामुळे, आणि ते मुळात कशामुळे. दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार. सरकारी मोजणीत एका मृत्यूला एकच मूळ कारण धरतात, आणि ते बहुतेक वेळा पहिल्या भागाच्या सगळ्यात खालच्या ओळीतून घेतात. डॉक्टरांनी मधुमेह त्या ओळीत लिहिला तर तो मृत्यू मधुमेहाचा. दुसऱ्या भागात लिहिला तर हृदयविकाराचा. माणूस तोच, आजार तेच, फक्त ओळ बदलली. काही वेळा तर नुसतं "हृदयक्रिया बंद पडली" एवढंच लिहिलेलं असतं. ती तर मरणाऱ्या प्रत्येकाचीच बंद पडते, ते कारण कसं होईल? मला याचा मनापासून राग येतो. दोन मिनिटं जास्त दिली तर त्या कागदातून तालुक्याला शहाणपण मिळू शकतं.

त्यातही असा वैद्यकीय दाखला मिळतो किती जणांना? 2020 च्या सरकारी अहवालात देशभर नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्यांचं कारण म्हणजे घरच्यांनी सांगितलं ते. ही उणीव भरून काढायला 2001 नंतर 'मिलियन डेथ स्टडी' झाला. त्यात कार्यकर्ते घरोघरी जाऊन आजारपणाची सगळी हकिगत विचारायचे आणि दोन डॉक्टर ती वेगवेगळी वाचून कारण ठरवायचे. चांगली पद्धत आहे. पण मयताला शुगर होती हे घरच्यांनाच माहीत नसेल, तर डॉक्टर तरी काय ठरवणार?

म्हणून जाणकार लोक दुसऱ्या वाटेने हिशोब करतात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या मोठ्या सर्वेक्षणानुसार, जे 2023 मध्ये प्रसिद्ध झालं, देशात 20 वर्षांवरच्या 11.4 टक्के लोकांना मधुमेह आहे, म्हणजे सुमारे 10.1 कोटी. आणखी 13.6 कोटी उंबरठ्यावर आहेत. आता 10,000 प्रौढांचा एक गट धरा. त्यात 1,140 शुगरवाले. समजा शुगर नसलेल्यांत वर्षाला शंभरातला एक जातो, आणि शुगरवाल्यांत त्याच्या दुप्पट. मग शुगर नसलेले सुमारे 89 जातील आणि शुगरवाले सुमारे 23. त्या 23 मधले 11-12 तसेही गेले असते. उरलेले 11 जादाचे, आणि ते साखरेच्या खात्यावर. म्हणजे दर दहा मृत्यूंमागे एक. माझा हिशोब ढोबळ आहे, खऱ्या हिशोबात वयाप्रमाणे फोड करतात. पण हे 11 जण नेमके कोणते, हे कोणीच बोट ठेवून सांगू शकत नाही. त्यांच्या कागदावर अटॅक, लकवा, किडनी फेल, टीबी असंच असतं.

दुप्पट धरावं की जास्त, यावर फार काही अवलंबून आहे. श्रीमंत देशांत धोका साधारण दुप्पट निघतो. मेक्सिको सिटीत दीड लाख लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, 2016 मध्ये निष्कर्ष आले. तिथे 35 ते 74 वयात शुगरवाल्यांचा मृत्युदर जवळपास चौपट होता आणि त्या वयातल्या एकूण मृत्यूंपैकी एक तृतीयांश जादाचे होते. साखर तीच, पण तिथे बहुतेकांची ताब्यात नव्हती. आपल्या हिशोबात दुपटीऐवजी चौपट घातली तर दहातल्या एकाऐवजी चारातला एक मृत्यू साखरेच्या नावावर जातो. आपली गावं यातल्या कोणाच्या जवळ आहेत, तुम्हीच विचार करा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2012 या वर्षासाठी दोन्ही आकडे वेगवेगळे दिले होते. जगभरात थेट मधुमेहाचे मृत्यू 15 लाख, आणि साखर जास्त राहिल्यामुळे इतर आजारांतून झालेले आणखी 22 लाख. या एकूण 37 लाखांतले 43 टक्के सत्तरीच्या आतले. बातमीत कोणी फक्त 15 घेतो, कोणी 37. शिवाय दुसऱ्या प्रकारच्या मोजणीत उपाशीपोटी 126 ही मधुमेहाची रेषा धरत नाहीत. धोका त्याच्या बराच आधी, शंभरच्या अलीकडेच वाढायला लागतो, म्हणून उंबरठ्यावरचे लोकही त्यात येतात. भारताचे आकडेही याच कारणाने वेगवेगळे दिसतात. त्यामुळे आकडा वाचताना आधी बघा: मधुमेहाचे मृत्यू, की वाढलेल्या साखरेमुळे झालेले मृत्यू? मला विचाराल तर खरं चित्र दुसऱ्यातच आहे. पहिला आकडा दाखवून "शुगरने कोणी एवढं मरत नाही" म्हणणं म्हणजे लोकांची दिशाभूल आहे.

कारण साखर काम कसं करते ते मी गावात पाहिलंय. पायाची जाणीव जाते. वैशाखात 44-45 अंशाला शेताच्या बांधावरून अनवाणी चालत आलेल्या म्हातारीच्या तळव्याला फोड आलेले, आणि सुनेला ते रात्री पाय चेपताना दिसले. तिला स्वतःला काहीच कळलं नव्हतं. असा फोड चिघळतो, विष अंगात भिनतं, आणि नोंद होते "जखमेतून जंतुसंसर्ग". छातीच्या नसांचंही तसंच. शुगर जुनी असेल तर अटॅकची कळ येतेच असं नाही. घाम फुटतो, मळमळतं, माणूस गॅस समजून सोडा पिऊन आडवा होतो आणि धुळ्याला-जळगावला न्यायची वेळ निघून जाते. किडनीचं तर वर्षानुवर्षं काही जाणवतच नाही. टीबीचा धोकाही शुगरवाल्याला दोन-तीन पट असतो.

तुमच्या काकांबद्दल: कागदावर ते हृदयविकारात असतील, पण दुसऱ्या प्रकारच्या हिशोबात त्यांच्यासारख्यांच्या मृत्यूचा वाटा नक्की धरलेला असतो. आता तुमच्या वडिलांकडे बघा, ते काकांचे सख्खे भाऊ आहेत. तुमचं स्वतःचं वय तीसच्या पुढे असेल तर तुम्हीही. उपकेंद्रात तीस वर्षांवरच्यांची साखर आणि बीपी फुकट तपासतात, आशाताईंना विचारलंत तर दिवस सांगतील. साखर निघाली तर मेटफॉर्मिन प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं. फायदा किती, तर ब्रिटनमधल्या एका दीर्घ अभ्यासात तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, एका टक्क्याने कमी असलेल्यांत मधुमेहाशी संबंधित मृत्यू 21 टक्क्यांनी कमी दिसले. मात्र तुम्ही नंदुरबार किंवा सातपुड्याच्या पट्ट्यातले असाल आणि घरात सिकलसेल (रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असेल, तर एचबीए1सीच्या तपासणीवर विसंबू नका, सिकलसेलमध्ये ती चुकीचा आकडा दाखवू शकते. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, अशी दोन वेळची साखर करून घ्या आणि सिकलसेल असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगा.