दुसऱ्या बॅचचा अर्क चालत नसेल, तर आधी उंदीर नाही, वनस्पती तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. किराईत या कडू वनौषधीचा अर्क मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाबरोबर दिला, पहिल्या बॅचला मधुमेही उंदरांची साखर छान उतरली, दुसऱ्या बॅचला ढिम्म फरक नाही, गाईड म्हणताहेत ‘डोस वाढवून बघ’, आणि त्यातच निबंध तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने व्हाउचर नमुन्याचा, म्हणजे ओळख पटवायला जपून ठेवलेल्या मूळ वनस्पतीचा, नंबर मागितलाय. ही सगळी साखळी मी भोगली आहे, तीही याच वनस्पतीवर. म्हणून जरा लांबण लावते.

आधी एक सांगून ठेवते. मी औषधशास्त्रातली आहे. वनस्पतीशास्त्रज्ञ नाही आणि रुग्ण तपासणारी डॉक्टरही नाही. प्रत्येक देशाचे आणि संस्थेचे नियम वेगळे असतात, त्यामुळे परवानग्यांबद्दल इथे जे लिहीन ते तुमच्याकडे एकदा विचारून घ्या. उंदरांत मधुमेह घडवणारं स्ट्रेप्टोझोटोसिन थंड बफरमध्ये ताजं बनवणं, प्राण्यांना उपाशी ठेवणं वगैरे तुम्हाला पाठ असणार, त्यात शिरत नाही.

डोस वाढवायच्या फंदात अजिबात पडू नका. ज्या मात्रेत पहिल्या बॅचला गुण आला, त्याच मात्रेत दुसरीला येत नसेल, तर माल तोच आहे का हे आधी पाहायला हवं. त्याआधी फक्त एक गोष्ट तपासा: दुसऱ्या वेळी नुसत्या मेटफॉर्मिनच्या गटात साखर उतरली का? तिथेही उतरली नसेल तर गडबड प्राण्यांत किंवा मॉडेलमध्ये, म्हणजे मधुमेह घडवण्याच्या पद्धतीत, आहे. स्ट्रेप्टोझोटोसिनचा मारा जास्त झाला की स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी जवळजवळ संपतात, आणि इन्शुलिन स्रवायला लावणारं काहीही मग तिथे चालत नाही. पण मेटफॉर्मिनच्या गटाने नेहमीसारखा प्रतिसाद दिला असेल आणि अर्काने त्यात भर घातली नसेल, तर संशयाची सुई थेट अर्काकडे वळते. तुमच्या तक्त्यावरून मला हेच दिसतंय.

किराइताच्या नावाखाली कालमेघ येणं ही या क्षेत्रातली जुनी डोकेदुखी आहे. किराईत म्हणजे स्वर्शिया चिरायिता आणि कालमेघ म्हणजे अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा. दोन्ही जहाल कडू, दोन्ही वाळवून काड्यांच्या स्वरूपात मिळतात. अख्खी काडी हातात असेल तर फरक कळतो: किराइताची जून काडी जांभळट तपकिरी, खालच्या बाजूला गोल, आणि मोडली तर आत रुंद पिवळसर गाभा. कालमेघाची काडी हिरवट, चार कडांची. पण एकदा दळली की डोळ्यांना आणि जिभेला काही कळत नाही. रसायनांना मात्र कळतं. किराइतात स्वर्शियामरिन, अमारोजेंटिन, मँगिफेरिन. कालमेघात अँड्रोग्राफोलाइड. आणि खरी पंचाईत अशी की कालमेघानेही उंदरांची साखर उतरल्याचे निबंध आहेत. म्हणजे चुकीची वनस्पती वापरूनही आलेख सुरेख येऊ शकतो आणि कोणाला शंकाही येत नाही.

आता तो भाग, ज्याने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं.

आमची वनस्पती ओळख पटवल्याच्या प्रमाणपत्रासाठी एका कार्यालयाकडे जायची. नाव घेत नाही. आम्ही अख्ख्या काड्या पाठवल्या, सोबत पत्र दिलं, आणि पत्रात स्पष्ट मागितलं होतं की नमुना जतन करा आणि त्याचा क्रमांक कळवा. परत आलं ते एका ओळीचं प्रमाणपत्र. पाकिटावरच्या लेबलाचं नाव जसंच्या तसं, खाली शिक्का, खाली सही. नमुना क्रमांक नाही, वनस्पतीचा कोणता भाग तपासला ते नाही, कशावरून ओळखलं ते नाही. क्रमांक मागितला तर उत्तर आलं, ‘प्रमाणपत्र दिलंय ना, मग नंबर कशाला हवा?’ लेखी विचारलं तर म्हणाले नवीन अर्ज करा. नवीन अर्जाला जुन्या अर्जाची पोच हवी. जुन्या पोचेची वही दुसऱ्या विभागात गेलेली. शेवटी कोणीतरी सांगून टाकलं की फुलं नसलेले नमुने आम्ही ठेवतच नाही, टाकून देतो.

हे ऐकून मी खरोखर सुन्न झाले. फुलं नाहीत म्हणून जो नमुना जपण्याच्या लायकीचा नाही, त्यावरून प्रजातीचं नाव छातीठोकपणे कसं लिहिलं? हा प्रश्न मी लेखी विचारला. त्याचं उत्तर आजवर आलेलं नाही.

आमच्या लॅबमध्ये पहिल्या बॅचच्या काड्यांची आणि अर्काची राखीव पाकिटं होती म्हणून आम्ही वाचलो, म्हणजे निदान सत्य तरी कळलं. एचपीएलसीवर, म्हणजे रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, पहिल्या बॅचचा अर्क चालवला तर आलेखात अँड्रोग्राफोलाइडचा भलाथोरला पीक (उंचवटा), आणि स्वर्शियामरिनच्या जागी सपाट रेघ. एका वर्गीकरणतज्ज्ञ बाईंना काड्या दाखवल्या, त्यांनी एक मोडून बघितली आणि बघताक्षणी सांगितलं, हा कालमेघ. दुसरी बॅच खऱ्या किराइताची होती. म्हणजे ‘न चालणारी’ बॅच बरोबर होती आणि ज्यावर आम्ही निबंध लिहिला ती चूक. निबंध मागे घ्यावा लागला, एथिक्स कमिटीकडे नव्याने अर्ज करावा लागला, सहकाऱ्याची फेलोशिप मध्येच संपली. पण मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. इतक्या प्राण्यांचे जीव एका खोट्या नावाखाली गेले. पैसा आणि वेळ पुन्हा उभा करता येतो, हे भरून येत नाही. ज्या टेबलावर ते प्रमाणपत्र छापलं गेलं तिथल्या कोणालाही याची झळ पोचली नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

कोणाला वाटेल, कागदावरच्या एका क्रमांकासाठी एवढा त्रागा कशाला. बेल्जियमचं प्रकरण वाचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये कॅप्सूलमध्ये स्टेफानिया टेट्रांड्राऐवजी ॲरिस्टोलोकिया फांग्ची गेली. शंभराहून जास्त लोकांची मूत्रपिंडं बिघडली, अनेकांना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागलं, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. तिथेही मुळाशी एवढंच होतं, एका वनस्पतीच्या जागी दुसरी.

तर तुम्ही काय करायचं. दोन्ही बॅचचा थोडा तरी अर्क शिल्लक असेल तर एकाच दिवशी, एकाच कॉलमवर, स्वर्शियामरिन आणि अँड्रोग्राफोलाइडच्या स्टँडर्डबरोबर (शुद्ध नमुन्यांबरोबर) एचपीएलसीवर चालवा. वेगवेगळ्या दिवशी काढलेले आलेख शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही. कच्ची पूड उरली असेल तर डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या छोट्या भागावरून प्रजातीची ओळख, करून घ्या, आयटीएस२ हा डीएनएचा भाग त्यासाठी बरा पडतो. अर्कावर मात्र त्याचा भरवसा धरू नका, अर्क काढताना डीएनएचे तुकडे होतात किंवा तो राहतच नाही. यातलं काहीच शिल्लक नसेल तर पहिल्या बॅचचे निष्कर्ष किराइताच्या नावावर छापू नका. गाईडना हे सांगणं अवघड आहे, ठाऊक आहे मला. तरीही सांगा, आणि ईमेलवर सांगा.

यापुढे दळण्याआधी क्रमांक हातात हवा, या बाबतीत मी फार कट्टर आहे. शक्य तिथे फुलासकट, मुळासकट झाड मिळवा, हर्बेरियमचे, म्हणजे झाड वाळवून चिकटवलेले, दोन कागद करा, एक जिथे क्रमांक मिळतो तिथे आणि एक तुमच्या विभागात. मान्य शास्त्रीय नाव क्यू गार्डन्सच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर बघून घ्या. निबंधात वनस्पतीचा भाग, द्रावक, किती सुक्या मालातून किती अर्क निघाला ते प्रमाण, आणि क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचा आलेख) द्या. अर्काचं वर्णन किती तपशिलात करावं यावर २०२२ साली ‘कॉनफायएमपी’ नावाची सहमतीची मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत. ती छापून टेबलावर ठेवा. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या वर्णनासाठी ‘अराइव्ह’ ही मार्गदर्शक तत्त्वं आहेतच.

वनस्पतीचा प्रश्न सुटला तरी तुमच्या चर्चेच्या भागात एक मोठी खोट राहते. तुम्ही लिहिलंय की अर्कामुळे सीवायपी३ए४ हे औषधं मोडणारं यकृतातलं एन्झाइम दबतं म्हणून मेटफॉर्मिनचा परिणाम वाढतो. हे वाक्य काढूनच टाका. मेटफॉर्मिनचं यकृतात चयापचय होतच नाही, ते जसंच्या तसं मूत्रपिंडातून बाहेर पडतं. त्याचा प्रवास ट्रान्सपोर्टरवर, म्हणजे पेशींत ने-आण करणाऱ्या प्रथिनांवर, चालतो: यकृतात शिरायला ओसीटी१, मूत्रपिंडात ओसीटी२ आणि मेट. सीवायपीचं स्पष्टीकरण वनौषधींच्या निबंधांत इतकं सर्रास चिकटवलेलं असतं की ते कोणत्या औषधाला लागू पडतं हे कोणी थांबून बघत नाही.

म्हणून रक्तातली मेटफॉर्मिनची पातळी मोजा. अर्काबरोबर ती वाढली तर ती औषधाच्या शोषणात किंवा उत्सर्जनात झालेली ढवळाढवळ. पातळी तीच राहून साखर जास्त उतरली तर अर्क स्वतः काहीतरी वेगळं काम करतोय. या दोन निष्कर्षांचे अर्थ पूर्ण वेगळे आहेत. आणि पातळी वाढणं ही आनंदाची बातमी नाही. मेटफॉर्मिनच्याच रासायनिक कुळातलं फेनफॉर्मिन हे औषध १९७०च्या दशकात बहुतेक देशांतून काढून घेतलं गेलं ते लॅक्टिक ॲसिडोसिसमुळे, म्हणजे रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक पातळीला साठल्यामुळे. ‘परिणाम वाढला’ असं लिहिताना त्याबरोबर धोका वाढला का, हेही तपासून लिहावं लागतं.

जाता जाता, मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा ऑफिसिनॅलिस या झाडातल्या गॅलेजिनपर्यंत जातं. फ्रान्समध्ये झाँ स्टेर्न यांनी १९५७ साली मेटफॉर्मिनचे मधुमेहींवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वनौषधी एका बाजूला आणि ‘केमिकल’ दुसऱ्या बाजूला असे दोन तट पाडून भांडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

‘सिनर्जी’, म्हणजे दोन्हींचा मिळून बेरजेहून जास्त परिणाम, हा शब्दही शीर्षकातून काढा. औषध एकटं आणि औषध अधिक अर्क, एवढ्या दोन गटांवरून फार तर भर पडली असं म्हणता येतं. सिनर्जी म्हणायला दोन्हींच्या वेगवेगळ्या मात्रा घेऊन आयसोबोलोग्राम (सारखाच परिणाम देणाऱ्या मात्रांच्या जोड्यांचा आलेख) काढा किंवा चौ आणि तलालय यांच्या पद्धतीने कॉम्बिनेशन इंडेक्स (एकत्रित परिणाम मोजणारा आकडा) काढा. तेवढे प्राणी परवडत नसतील तर तो दावा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काहींना हे जास्तच कडक वाटेल.

मात्रेबद्दलही. उंदराला (रॅटला) किलोमागे ४०० मिलिग्रॅम म्हणजे माणसासाठी शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने साधारण ६.२ ने भागायचं, किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला जवळजवळ ४ ग्रॅम अर्क रोज. सुक्या मालातून अर्क १० टक्के निघत असेल तर ४० ग्रॅम काड्या. एवढं कडू कोणी रोज घेईल का? गाईड डोस वाढवा म्हणताहेत तेव्हा हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा.

खाली एकांनी विचारलंय, आईची मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे, जोडीला किराईत सुरू करू का. या धाग्यावरच्या उंदरांच्या आकड्यांवरून कृपया काहीही सुरू करू नका. जे काही झाडपाल्याचं घेत असतील ते डॉक्टरांना नावानिशी सांगा, मूत्रपिंडाची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. सेंट जॉन्स वॉर्ट या वनौषधीचं उदाहरण आहे: २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांची नोंद आली. ते घेतल्यावर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलेल्या सायक्लोस्पोरिन या औषधाची त्यांच्या रक्तातली पातळी उतरली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. त्यातलं हायपरफोरिन शरीरातली सीवायपी३ए४ आणि औषध पेशींबाहेर ढकलणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीनची निर्मिती वाढवतं, त्यामुळे औषध लवकर बाहेर फेकलं जातं. सौम्य म्हणून घेतलेली वनस्पती अशीही वागू शकते.

आता रिव्ह्यूअरचं उत्तर. नंतर गोळा केलेल्या झाडाचा क्रमांक पहिल्या बॅचला लावा असा सल्ला कोणी ना कोणी देईलच, तसं करू नका. सरळ लिहा की मूळ नमुना जतन झालेला नाही, राखीव अर्काचं रासायनिक विश्लेषण करून पुरवणीत देत आहोत, त्यासाठी मुदत वाढवून मिळावी. माझा अनुभव असा की संपादक अशा पत्राला मुदत देतात. आणि दोन्ही बॅचचे क्रोमॅटोग्राम आले की इथे टाका, संस्थेचं नाव झाकून. कोणत्या वेव्हलेंग्थला काढलेत तेही लिहा, त्याशिवाय अँड्रोग्राफोलाइडचा पीक नाही म्हणजे नक्की नाही, असं मला सांगता येणार नाही.