नर्स म्हणून काम केलेल्या खासदाराला त्या कामाचा संसदेत खरंच उपयोग होतो का, की ते फक्त प्रचारात सांगायला बरं असतं?

उपयोग होतो. मी स्वतः बरीच वर्षं वॉर्डात ड्युटी केलीय, त्यामुळे असा प्रश्न दिसला की मला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

मला आधी आठवतात त्या एडी बर्निस जॉन्सन. अमेरिकेत संसदेला काँग्रेस म्हणतात, तिथे निवडून गेलेल्या पहिल्या रजिस्टर्ड नर्स त्याच. टेक्सासमधल्या वेकोच्या. खरं तर डॉक्टर व्हायचं होतं, पण शाळेत सल्ला मिळाला की तू मुलगी आहेस, नर्स हो. त्यात तेव्हा टेक्सासमध्ये काळ्या मुलीला चांगल्या मान्यतेच्या नर्सिंग कॉलेजात जागा नव्हती, म्हणून पार इंडियानात जाऊन शिकल्या आणि 1955 मध्ये नर्सिंग पूर्ण केलं.

मग डॅलसच्या माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात नोकरी लागली, तीही पत्रावरच, कुणी त्यांना बघितलेलं नव्हतं. प्रत्यक्ष हजर झाल्या आणि बाई काळी आहे हे कळल्यावर राहायला देऊ केलेली खोली काढून घेतली. पेशंटच्या खोलीत त्या जायच्या आधी दुसरं कुणीतरी जाऊन सांगायचं की या सिस्टर नीट शिकलेल्या आहेत. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना. पेशंटने एकदा हात झिडकारला तरी आपला अख्खा दिवस खराब जातो हो, आणि ही बाई तिथे 16 वर्षं टिकली आणि मानसोपचार विभागाची मुख्य नर्स झाली.

मानसोपचाराच्या वॉर्डात काय शिकायला मिळतं ते बाहेरच्यांना पटकन कळत नाही. समोरचा ओरडतोय तरी आपला आवाज चढू द्यायचा नाही, तो जे बोलत नाहीये ते ओळखायचं, आणि सगळं नीट लिहून पुढच्या शिफ्टला ओव्हर द्यायचं कारण तुम्ही घरी गेलात तरी पेशंट तिथेच असतो. माझ्या मते राजकारणात टिकायला एवढी तयारी दुसरीकडे क्वचितच होत असेल.

1972 ला त्या टेक्सासच्या विधानसभेला उभ्या राहिल्या. केंद्र सरकारच्या नोकरीत राहून हे जमणार नव्हतं, नोकरी सोडायची तर खायचं काय हा प्रश्न होताच, तेव्हा नीमन मार्कस या मोठ्या स्टोअरचे स्टॅन्ली मार्कस यांनी त्यांना काम दिलं. त्या निवडून आल्या. पुढे 1977 ला राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्यात विभागीय संचालक नेमलं, 1986 ला राज्याच्या सिनेटमध्ये, 1992 ला काँग्रेसमध्ये, आणि तिथे सलग 30 वर्षं. 2019 ला विज्ञान समितीच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरची पहिली स्त्री आणि पहिली काळी व्यक्ती. 2022 चा सेमीकंडक्टर आणि विज्ञान संशोधनाचा मोठा कायदा त्यांच्याच काळात झाला.

सगळं गोडगोड नाही. 2010 मध्ये असं उघड झालं की गरजू मुलांसाठीच्या स्कॉलरशिप त्यांनी स्वतःच्या नातवंडांना आणि ऑफिसमधल्या माणसाच्या मुलांना दिल्या होत्या, नियमात ते बसत नव्हतं. 31,000 डॉलरच्या वर रक्कम परत करावी लागली. मला त्यांच्याबद्दल कितीही आदर असला तरी हे चूकच होतं.

आणि तुम्हाला वाटत असेल की नर्सचा उपयोग फक्त आरोग्याच्या विषयात, तर ऑस्ट्रेलियाच्या हेलन हेन्स बघा. नर्स आणि मिडवाइफ, 2019 ला व्हिक्टोरियातल्या इंडाय मतदारसंघातून अपक्ष निवडून आल्या. त्यांनी सगळ्यात जास्त जोर लावला तो कशावर, तर देशपातळीवर भ्रष्टाचाराची चौकशी करणारा आयोग हवा यावर. 2020 मध्ये स्वतःचं विधेयक मांडलं, तेव्हाच्या सरकारने ते काही पुढे नेलं नाही, मग सरकार बदललं आणि 2022 ला कायदा झाला, 1 जुलै 2023 पासून आयोग सुरू. वॉर्डात औषधाचा डोस चुकला तर लगेच लेखी रिपोर्ट करायचा असतो, चूक माझी असली तरी, आणि तो रिपोर्ट वाचणारं कुणीतरी दुसरं असतं. ही सवय हाडात भिनलेल्या बाईला खासदार-मंत्र्यांच्या चुका तपासणारं कुणी नाही हे खटकणारच ना.