‘मॅडम, ग्राहकासाठी केलेलं काम माझ्या पोर्टफोलिओत, म्हणजे कामाच्या नमुन्यांत, टाकलं तर चालेल का?’

गेले कित्येक महिने फ्रीलान्सर मंडळींकडून हाच एक प्रश्न वेगवेगळे कपडे घालून येतोय. त्यातले सहा इथे घेते. प्रत्येकाचे कागद मी पाहिलेले नाहीत, हे लक्षात ठेवून वाचा.

एका मसाल्याच्या ब्रँडचा लोगो आणि पाकिटं मी डिझाइन केली. करार नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं. आता ग्राहक म्हणतो, ‘पैसे दिले, डिझाइन आमचं, तुम्ही कुठेही दाखवायचं नाही.’ (ग्राफिक डिझायनर, कोल्हापूर)

‘पैसे दिले म्हणजे मालकी आली’ हे मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ म्हणतं की निर्माता हा पहिला मालक. ती मालकी दुसऱ्याला द्यायची तर कलम १९प्रमाणे लेखी हस्तांतर लागतं आणि त्यावर तुमची सही लागते. बिल चुकतं झाल्याने ती आपोआप जात नाही. (अपवाद आहेत, त्यातला एक पुढच्याच उत्तरात.)

पण म्हणून आज रात्री पोस्ट टाकू नका. ग्राहकाने पर्चेस ऑर्डर पाठवली होती का? तिच्या मागच्या पानावर बारीक टाइपात ‘सर्व हक्क कंपनीकडे राहतील’ असं छापलेलं असतं, आणि आपण अ‍ॅडव्हान्सच्या घाईत सही करून परत पाठवलेली असते. ते पान शोधा आणि वकिलाला दाखवा. शिवाय पाकिटं अजून बाजारात आली नसतील, तर ती आधी तुमच्या पानावर दिसणं ग्राहकाला महागात पडू शकतं. तिथे थांबाच.

लग्नाचे फोटो मी काढले, कॅमेरा माझा, एडिटिंगही माझं. मग फोटो माझेच ना? (फोटोग्राफर, नाशिक)

नाही. मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेला फोटो किंवा केलेली फिल्म असेल, तर उलट करार नसताना पहिला मालक काम सांगणारा असतो. कलम १७मध्येच हे लिहिलंय. लोगोवाल्याचा नियम फोटोवाल्याने लावून घेऊ नये.

त्यातही गंमत अशी, की बुकिंग बहुधा मुलीचे वडील करतात. म्हणजे कायद्याने हक्क वडिलांचा आणि चेहरा मुलीचा. तुम्हाला दोघांचा होकार लागेल, मुलाचाही. बुकिंगच्या फॉर्मवर एक ओळ घाला: निवडक फोटो पोर्टफोलिओत वापरण्यास संमती आहे किंवा नाही. खाली सह्या. ‘नाही’चा चौकोनही छापा, नाहीतर संमतीला अर्थ राहत नाही.

कलम ५७प्रमाणे ‘हे काम मी केलं’ असं सांगण्याचा निर्मात्याचा हक्क मालकी गेली तरी राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या दिल्लीच्या विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५मध्ये हे कलम चांगलंच उचलून धरलं. पण नाव सांगण्याचा हक्क म्हणजे फोटो छापण्याचा परवाना नव्हे.

आधीच्या नोकरीत केलेली कामं दाखवू का? (यूएक्स डिझायनर, पुणे)

वेगळा करार नसेल तर ती कंपनीची. लेखी विचारा, आणि पुढच्या वेळी राजीनाम्याच्या आधी विचारा.

एजन्सीमार्फत एका बँकेचं काम केलं. ‘आमचे ग्राहक’मध्ये बँकेचा लोगो लावू? (कंटेंट रायटर, ठाणे)

नाही. तुमचा ग्राहक एजन्सी आहे.

एका पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. स्क्रीनशॉट टाकायचेत. नावं ब्लर केली आहेत, मग हरकत नसावी? (डेव्हलपर, छत्रपती संभाजीनगर)

हरकत आहे. इथे जरा सविस्तर बोलते, कारण माझी झोप उडवणारा प्रश्न कॉपीराइटचा नसून हा आहे.

माझ्याकडे एक तरुण मुलगा अशीच पीडीएफ घेऊन आला होता. रुग्णांच्या नावांवर काळ्या पट्ट्या, एकदम नीटनेटक्या. मी त्या पट्टीवरून माउस ओढला, कॉपी केलं, नोटपॅडमध्ये पेस्ट केलं. नाव, वय, मोबाइल नंबर आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, सगळं समोर. पट्टी वर चिकटवलेली होती, मजकूर खाली तसाच. ती फाइल चार महिने इंटरनेटवर होती.

ब्लरचंही तेच. हलका ब्लर केलेला दहा आकडी नंबर ओळखता येऊ शकतो. नाव झाकलं आणि ‘सकाळी ९:४०, डॉ. अमुक, वॉर्ड तमुक’ तसंच ठेवलं, तर छोट्या गावात माणूस ओळखायला आणखी काय लागतं? ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पेशंट आयडी राहतो, कोपऱ्यात नोटिफिकेशन राहतं. कोड दाखवण्यासाठी रिपॉझिटरी (कोड ठेवण्याची ऑनलाइन जागा) पब्लिक करतात, मग पासवर्डची फाइल आठवते, ती डिलीट करतात. पण गिट हे सॉफ्टवेअर कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवतं, त्याच्या हिस्टरीत ती जशीच्या तशी असते.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होतायत. कायदा आधी लॅबला धरेल, तुम्हाला नाही, हे खरं. पण लॅब करार काढून तुमच्या दारात येईल. आणि कायदा बाजूला ठेवा, तो आकडा कुणाच्या तरी आईचा असतो.

‘पासवर्ड लावून फक्त नव्या क्लायंटलाच दाखवतो’ ही पळवाट मला सांगू नका. गोपनीयतेच्या करारात ‘तिसऱ्या व्यक्तीला दाखवणार नाही’ असं असेल, तर एकाला दाखवलं तरी भंगच. खरी स्क्रीन झाकत बसण्यापेक्षा डमी डेटा भरून नवी स्क्रीन तयार करा. नाव ‘अबक पाटील’ चालेल, पण ९९९९९ने सुरू होणारे नंबर नकोत, ते खरे निघतात. नंबरच्या जागी फुल्या टाका. मग ती स्क्रीन लॅबला मेल करून लेखी होकार घ्या. तुमच्या करारातली गोपनीयतेची कलमं वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

ग्राहकाने पैसे बुडवले. काम पोर्टफोलिओत टाकून खाली ‘यांनी पैसे दिले नाहीत’ असं लिहू का? बिलाला दोन वर्षं दहा महिने झाले. (व्हिडिओ एडिटर, मुंबई)

ते वाक्य लिहू नका, मानहानीची नोटीस यायला वेळ लागत नाही. पण दोन वर्षं दहा महिने? वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. ‘पुढच्या महिन्यात नक्की’ असं ग्राहक का म्हणत होता, ते आता कळलं असेल.

काम करताना तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर २००६च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याने पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवे होते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी याच कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. मुदत नेमकी कोणत्या तारखेपासून धरायची हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून याच आठवड्यात जवळच्या वकिलाला गाठा. बिल, काम पोहोचवल्याचा मेल, बँकेचं स्टेटमेंट बरोबर न्या. मेलचा स्क्रीनशॉट नको, मूळ मेल असलेला लॅपटॉप न्या.