उसवू का? – दोन सुयांवरच्या वाचकांच्या शंका

दिवाळी सरली आणि सकाळी अंगावर काटा यायला लागला, की माझ्याकडची पत्रं वाढतात. सगळ्यांना उत्तरं देता येत नाहीत. या वेळी साताऱ्याच्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न अनेक घरांच्या कपाटात पडून आहे, याची मला खात्री आहे.

प्रश्न : सासऱ्यांचा हातविणीचा राखाडी स्वेटर घरात आहे. सासूबाईंनी विणला होता. आता दोघंही नाहीत. कोपरावर विरलाय, पोटाशी कसरीनं दोन भोकं पाडली आहेत. उसवून माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला काहीतरी विणावं असं वाटतं, पण कात्री हातात घेतली की धीर होत नाही. शिवाय लोकर खरी की नकली, तेही कळत नाही. – एक वाचक, सातारा

उत्तर : उसवा. सासूबाईंनी तो कुणाच्या तरी अंगाला ऊब मिळावी म्हणून विणला होता. आत्ता ती ऊब कसरीच्या पोटात जाते आहे. माझ्या आईनं माझ्या वडिलांचा स्वेटर उसवून माझ्या भावाला बिनबाह्यांचा केला, आणि भावाचा आखूड झाल्यावर त्यातून दोन टोपडी निघाली. त्यातलं एक माझ्या मुलीनं घातलं. लोकर अशी पुढे जाते.

आधी शिवण बघा. बाजूची शिवण उलटून पाहा. दोन्ही कडांना टाक्यांची सलग साखळी दिसली, तर तुकडे हातानं विणून मग जोडलेले आहेत. तुमचा स्वेटर असाच असणार. कारखान्याच्या स्वेटरला पुष्कळदा आत ओव्हरलॉकची शिलाई असते. तिथे कापड कापून शिवलेलं असतं, म्हणून तो उसवला तर हातात वीतभर लांबीचे दोरेच येतात. त्याच्या नादी लागू नका.

लोकर ओळखायची तर चार बोटं दोरा चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर त्याला काडी लावा. खरी लोकर नाखुशीनं जळते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि राख बोटात चुरली जाते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक काळा मणी होतो. मुलांना लांब ठेवा आणि शेजारी पाण्याचा तांब्या असू द्या.

आता उसवणं. शिवणीचाच दोरा कापा, विणीचा नाही. घाई झाली तर कात्री नेमकी टाक्यातून जाते. हात, पाठ, पुढा सुटे झाले की टाके जिथे बंद केलेत तिथून, म्हणजे गळ्या-खांद्याकडून, टोक शोधा. खालच्या पट्टीकडून ओढत बसलात तर गुंता होतो. दोरा सुटायला लागला की सरसर सरसर असा बारीक आवाज येतो. तो ऐकताना मला अजूनही छान वाटतं. काखेत घामानं आणि घासून लोकर एकमेकीला चिकटलेली असते. तिथे ओढू नका, सुईच्या टोकानं टाका टाका सोडवा. तरीही तुटलं तर तेवढा भाग सोडून पुढे चला.

निघालेला दोरा खुर्चीच्या पाठीला सैल गुंडाळत जा, चार ठिकाणी सुती दोऱ्यानं सैल बांधा आणि लडी काढून घ्या. दोरा नूडल्ससारखा कुरळा दिसेल. कोमट पाण्यात रिठा घालून लड्या अर्धा तास भिजत ठेवा. चोळू नका, पिळू नका, आणि धुतानाचं नि खंगाळतानाचं पाणी सारखंच कोमट ठेवा. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा होतो. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत काठीवर टांगा. वाळेपर्यंत कुरळेपणा बराच जातो. अॅक्रिलिकचा मात्र पूर्ण जात नाही.

विरलेल्या जागी दोरा तुटणारच. गाठ मारू नका. खरी लोकर असेल तर दोन्ही टोकं जराशी पिंजा, एकमेकांवर ठेवा, पाण्याचं बोट लावा आणि दोन तळहातांमध्ये जोरात चोळा. तळवे गरम होतात आणि दोरा एकजीव होतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी तो जोड ओढून ओढून पाहिला होता.

कोपराचा दोरा फिका आणि पाठीचा गडद असेल. दोन लड्या शेजारी घ्या आणि दोन ओळी एकीच्या, दोन ओळी दुसरीच्या असं विणत जा. फरक अंगात विरून जातो. सगळ्या लड्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. नऊ वर्षांच्या मुलीला साधारण ३०० ग्रॅम पुरते, आणि मोठ्या माणसाच्या जाड स्वेटरमधून तेवढी सहज निघेल.

आणि खालच्या पट्टीचा हातभर भाग उसवू नका. एक सुलट एक उलट अशी सासूबाईंच्या हाताची वीण तशीच ठेवा. मुलगी विणायला शिकेल तेव्हा तिला ती दाखवता येईल.

प्रश्न : नमुन्यात ४ मिमीच्या सुया आणि १७६ टाके लिहिले होते. छाती ८० सेंमी व्हायला हवी होती. टाके मोजूनच घातले. स्वेटर मात्र माझ्या यजमानांना होईल एवढा झाला. – ठाणे

उत्तर : तुम्ही दुकानात ‘चार नंबर’ मागितल्या असणार. आपल्याकडे जुने नंबर अजून चालतात आणि ते उलटे असतात. नंबर जेवढा मोठा, सुई तेवढी बारीक. ४ नंबर म्हणजे ६ मिमी. तुम्हाला हव्या होत्या ८ नंबरच्या. १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, १२ नंबर म्हणजे २.७५. हे एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा.

नमुन्यातला हिशोब असा होता : १० सेंमीत २२ टाके, म्हणून १७६ टाक्यांचे ८० सेंमी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पट्टी ठेवून मोजलं, तर १० सेंमीत १६ टाके भरतात. म्हणजे ११० सेंमी. चूक तुमच्या हाताची नाही. पण पुढच्या वेळी ३० टाक्यांचा तुकडा आधी विणा, धुवा, वाळवा, मग मधले १० सेंमी मोजा. दीड तास जातो. तो वाचवायला निघालात तर महिना जातो. आणि हा स्वेटर उसवा, लोकर नवीच आहे.

प्रश्न : डिसेंबरात नात होणार आहे. कोणती लोकर घेऊ? – नागपूर

उत्तर : मऊ, मशिनमध्ये धुता येणारी. गालाला लावून पाहा. मोहेरसारखी तंतू उडणारी नको, ते नाकातोंडात जातात. स्वेटर पुढून उघडा करा, डोक्यावरून ओढायचा नको. गळ्याला बंद, फीत काही नको. मोजे आतून उलटून तपासा. लोंबणारा एक दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊ शकतो. आणि नवजात बाळाच्या मापाचं विणू नका, दुसऱ्या महिन्यातच ते अंगाला होत नाही.

प्रश्न : आमच्याकडे धनगरांच्या घरी हातानं कातलेली काळी लोकर मिळते. तिचा स्वेटर होईल का? – सांगोला

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला आनंद झाला. आपण लुधियानाच्या लोकरीच्या गुंड्यांसाठी तुळशीबाग पालथी घालतो, आणि दख्खनी मेंढीची लोकर आपल्या दारात असते. मी तिचा एक गुंडा वापरून पाहिला आहे. धागा जाडाभरडा, एकेरी, घोंगडीच्या मागासाठी कातलेला. मागावर ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात म्हणून तो टिकतो. सुयांवर मात्र तसाच घेतला तर जागोजाग तुटतो. दोन धागे एकत्र घेऊन उलट दिशेनं पीळ द्या, मग ६ मिमीच्या सुयांवर नीट चालतो. उघड्या अंगाला तो टोचणारच, म्हणून स्वेटर नको. बसायचं आसन, पिशवी, कॉलरच्या शर्टावर घालायचं जाकीट करा. मी आसन केलं. सगळ्या ओळी सुलट, ६० टाके. रोज सकाळी त्यावर बसते. भाव करताना घासाघीस करू नका. एवढं सूत कातणाऱ्या बाईंचे त्यात किती दिवस गेलेत, ते गुंडा हातात घेतला की कळतं.

प्रश्न : मी निवृत्त एसटी चालक. बायकोकडून विणायला शिकलो. मफलर चांगला येतो. बागेत बसून विणावंसं वाटतं, पण लोक काय म्हणतील? – नाशिक

उत्तर : काका, पेरू देशात टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे. तिथे विणकामाच्या सुया पुरुषांच्या हातात असतात, टोप्या तेच विणतात आणि बायका मागावर बसतात. युनेस्कोनं त्या कलेची नोंद घेतली आहे. आपल्याकडे घोंगडीच्या मागावर सनगर पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बसत आले.

आमच्याकडे दर शनिवारी चार वाजता माझ्या ओसरीवर आठजण विणायला बसतात. त्यात एक काका आहेत. पहिल्या दिवशी ते दाराशी उभे होते, पिशवी पाठीमागे धरून. आता वेणीची वीण चुकली की आम्ही त्यांच्याकडे देतो. बागेत रोज त्याच बाकावर, त्याच वेळी बसा. कुणी विचारलं तर दुसरी सुयांची जोडी आणि उरलेली लोकर पिशवीत तयार ठेवा. आठवडाभरात कुणीतरी शेजारी येऊन बसेल. पहिल्यांदा त्यांच्या हातात २० टाके तुम्ही घालून द्या. टाके घालण्यातच नवा माणूस कंटाळतो.

मोज्याच्या टाचेचंही तुम्ही विचारलं आहे. ते सुया हातात घेऊन, ओळ ओळ मोजत लिहावं लागेल. पुढच्या अंकात.